हिरव्या टेपची तार

डॉक्टरीणबाई दारांचं सांगत होत्या आणि बरकतला तार आठवली.

तोपर्यंत तो नीट ऐकत होता. निदान ऐकल्यासारखं करत होता. पिंपरीतलं ते मोठं हॉस्पिटल, तिसऱ्या मजल्यावरची खोली, एसी एवढा की बायकोनं, नूरबीनं, पदर कानांवरून घट्ट ओढून घेतलेला. डॉक्टरीण वयानं लहान होती, करिष्मा नाव, त्याच्या लेकीपेक्षा, साबियापेक्षा, पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. तिनं आधी त्याला खोलीतल्या खोलीत चालायला लावलं. मग अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर आपटायला सांगितलं, भरभर, चिमणीची चोच उघडमीट करते तसं. डावा हात झक्क चालला. उजव्यानं पाच-सहा वेळा केलं आणि मग चोच लहान लहान होत गेली, शेवटी मिटली ती मिटलीच. बरकत त्या बोटांकडं बघत राहिला. दुसऱ्या कुणाची बोटं आपल्या मांडीवर आणून ठेवावीत तसं त्याला वाटलं. काका, पार्किन्सन आहे, असं डॉक्टरीण म्हणाली. गोळ्यांनी फरक पडेल, हात मोकळा होईल, पण आजार जाणार नाही, हेही तिनं सरळ सांगितलं. बरकतनं विचारलं, कशानं झालं? बत्तीस वर्षं पत्रा कापणाऱ्या माणसाला मशीन बंद पडली की पहिला प्रश्न हाच सुचतो. तिनं रिपोर्टच्या मागच्या बाजूला पेनानं एक गोल काढला. म्हणाली, नक्की कुणालाच सांगता येत नाही. पण डोक्याच्या मधोमध काळसर पेशींचा एक ठिपका असतो. बाकीच्या पुष्कळ पेशी काम आलं की उठतात. या मात्र कुणी सांगो न सांगो, दिवसरात्र आपल्या ठोके देत बसतात. दर ठोक्याला त्यांच्या भिंतीतली बारीक बारीक दारं उघडतात आणि आत कॅल्शियम शिरतं. आलेलं परत बाहेर फेकावं लागतं, त्यात ताकद जाते. वर्षानुवर्षं हेच. मग एकेक थकते आणि मरते. हात जड पडतो तोवर निम्म्याच्या आसपास गेलेल्या असतात.

"दारं लागत नाहीत का पण?" बरकतनं विचारलं.

"लागतात की. पण या पेशींची जरा जास्त वेळ उघडी राहतात. शास्त्रज्ञांना तसं वाटतंय, अजून पक्कं नाही. ती दारं बंद करणारी बीपीची एक गोळी होती, ती या आजाराच्या लोकांना देऊन बघितली. उपयोग दिसला नाही."

उघडं राहिलं, हे त्याच्या डोक्यात शिरलं. चार नंबर प्रेसच्या पॅनेलमध्ये वीतभर लाल तार, दोन्ही टोकांना क्लिपा, मधे हिरवी टेप. काढली नाही. आज काढलीच नाही. भिंतीवर घड्याळ होतं, त्यात तीनला पाच कमी. दुसरी शिफ्ट अडीचला लागते. चार नंबरवर ज्योतीराम.

आता प्रेस ज्यानं बघितला नाही त्याला हे कळायचं नाही, म्हणून सांगतो. दीडशे टनाचा प्रेस म्हणजे दोन मजली लोखंड. खाली डायमध्ये हातानं पत्रा ठेवायचा, वरून ठोका पडतो, पत्र्याचा कंस होऊन बाहेर येतो, गाडीच्या सीटखाली लागतो तो. ठोका पाडायला दोन बटणं, दोन टोकांना, दोन्ही हात पसरल्याशिवाय पोचत नाहीत एवढी लांब. दोन्ही बटणं एकदमच दाबली पाहिजेत. एक आधी दाबून ठेवलं आणि दुसऱ्याला अर्ध्या सेकंदापेक्षा उशीर झाला, तर प्रेस हलत नाही, दोन्ही सोडून परत दाबा. ज्यानं केलं त्यानं डोकं लावून केलंय, दोन्ही हात बटणावर म्हणजे डायमध्ये एकही नाही. अडीच महिन्यांपूर्वी एका सकाळी बरकतनं दोन्ही बटणं दाबली आणि प्रेस पडलाच नाही. परत दाबली, परत नाही. तिसऱ्यांदा पडला. दिवसभरात असं चाळीस वेळा झालं. त्याला वाटलं, उजवं बटण गेलं. त्यानं स्टोअरमधून नवं आणून बसवलं. तरी तेच. मग त्यानं डाव्याचं उजवीकडं आणि उजव्याचं डावीकडं करून बघितलं, आणि शेवटी बटणाच्या डब्याचं झाकण हातात धरून तो तसाच उभा राहिला. बटण बरोबर होतं. बटणाकडं निघालेला त्याचा उजवा हात वाटेत कुठंतरी रेंगाळत होता, अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त. माणसांना कळायच्या आधी मशीनला कळलं होतं.

आणि तरी बरकतनं हाताचं काही केलं नाही, मशीनचं केलं. कुणीही जाणता फिटर हेच करतो, आपल्याला जमत नसलं की मशीन आपल्यासारखी करून घेतो. पॅनेल उघडून त्यानं दोन्ही बटणं एका तारेवर आणली. डावं दाबलं की प्रेसला वाटावं, दोन्ही दाबली. उजव्यानं बटणावर नुसतं नाटक करायचं, पोचला तर पोचला. सकाळी साडेसहाच्या आत तार लावायची आणि सव्वादोनला, ज्योतीराम यायच्या आत, काढून डब्याच्या पिशवीत टाकायची. अडीच महिने एकदाही चुकलं नाही. आज हॉस्पिटलचा नंबर दीडचा होता. लॉट साडेबारालाच संपला, तसा तो गेटपास घेऊन निघाला, आणि सव्वादोन वाजलेच नाहीत त्याच्यासाठी. सव्वादोन वाजले असते तर दहाची खूण झाली असती आणि तार आठवली असती. ही खूण प्रेस शॉपातल्या जुन्या लोकांची. जाणारा गडी येणाऱ्याला दोन्ही पंजे उघडून दाखवतो आणि म्हणतो, "दहा." येणारा आपले दाखवतो, म्हणतो, "दहा." मग एकमेकांच्या पंजांवर टाळी. दहाच्या दहा बोटं शाबूत, बास, मशीन दिली. बरकत आणि ज्योतीराम बावीस वर्षं एकाच प्रेसवर, एक पहिलीत तर दुसरा दुसरीत. दोस्ती म्हणाल तर रोजची पंधरा मिनिटं, पण ती बावीस वर्षं.

त्या पंधरा मिनिटांतच बरकतनं त्याला हजारदा चिडवलं होतं, की तू डावखुरा जन्मायचा राहिलास. कारण ज्योतीरामची एक खोड होती. पत्रा ठेवायच्या आधीच तो डावा हात बटणावर नेऊन टेकवायचा, सवयीनं, दमलेला माणूस टेबलाला टेकतो तसा. उजव्यानं पत्रा आत सरकवायचा, बोटांनी ठाकून ठोकून कडेला लावायचा, तेवढ्यात अंगाचा भार पडून डावं बटण दाबलंही जायचं, मग दोन्ही हात उचलायचे आणि एकदम दाबायचे. बावीस वर्षं त्याला काही झालं नव्हतं, कारण नुसत्या डाव्यानं तो प्रेस पडतच नव्हता. आता पडत होता.

"काका, लक्ष आहे ना?" डॉक्टरीण म्हणत होती. बरकत उठून उभा राहिला होता, हे त्याचं त्यालाच तेव्हा कळलं. नूरबीनं गोळ्यांचा कागद घेतला, कुठली कधी ते विचारून घेतलं. तो बाहेर गेला. ज्योतीरामचा मोबाईल लावून काही उपयोग नव्हता, गेटवरच जमा होतो तो, शिफ्ट सुटल्यावर मिळतो. तरी लावला. बंद. मग त्यानं गेटचा नंबर काढला. नुसतं बोट टेकवायचं राहिलं होतं. आणि इथं बरकत थांबला.

का थांबला, ते त्यानं पुढं स्वतःला पुष्कळ प्रकारे सांगून बघितलं. गेटवर विचारणार, कोण बोलतंय, कारण काय. ते रजिस्टरला चढणार. सुजित पॅनेल उघडणार. हा सुजित शिफ्टचा साहेब, सव्वीस वर्षांचा, बरकतला काका म्हणणारा आणि आकड्यांना देव मानणारा. मशीनच्या सुरक्षेला हात लावला तर सरळ घरी, अशी पाटी प्रेस शॉपच्या दारात आहे. ती लागली सहा वर्षांपूर्वी, दोन नंबरवर शेखरची तीन बोटं गेली तेव्हा. कुणीतरी बटण अडकवून ठेवलं होतं. ती बोटं कॅन्टीनच्या बर्फात घालून गाडीपर्यंत नेली होती ती बरकतनं. आणि नंतर गेटवरच्या मीटिंगमध्ये सगळ्यात मोठ्या आवाजात तोच बोलला होता, की ज्यानं हे केलं तो आमच्यातला नाही, त्याला फाटकाबाहेर काढा. काढलाच. बरकतला आता त्या माणसाचं तोंड आठवेना. रिटायर व्हायला चार वर्षं होती, आजाराचा कागद नूरबीच्या पर्समध्ये होता, आणि प्रेसवर उभं राहणं सोडून आपल्याला दुसरं काय येतं, हा प्रश्न त्यानं आजवर कधी काढलाच नव्हता. मग त्याला सकाळचा फळा आठवला. चार नंबर, दुसरी शिफ्ट, डाय बदल. जुनी डाय उतरवायची, नवी चढवायची, बसवायची, दीड तास कुठं गेला नाही. म्हणजे चारपर्यंत प्रेस पडणार नाही. त्याच्या छातीतलं एकदम मोकळं झालं. चारच्या आत आपण पोचू. चष्मा राहिला म्हणू, पॅनेलपाशी जाऊ, तार ओढून खिशात घालू. कुणाला कळायचं कारण नाही. त्यानं मोबाईल खिशात टाकला.

नूरबीला त्यानं सांगितलं, तू रिक्षानं रहाटणीला घरी जा, कंपनीची एक चावी माझ्याकडं राहिलीय. नूरबी खोटं ओळखते, पण तिनं ते धरलं नाही. ती त्याच्या उजव्या हाताकडं बघत होती. हात मांडीशी लोंबत होता आणि अंगठा पहिल्या बोटावर फिरत होता, गोल गोल, बरकतनं न सांगता.

"अब्बांचं पण असंच होतं ना?" ती म्हणाली. "आपण समजत होतो, तसबीह ओढतात."

ती गेली. बरकत पिंपरी चौकात उभा राहून भोसरीच्या बसची वाट बघत राहिला आणि त्याच्या डोळ्यापुढून अब्बा हलेनात. घोड नदीच्या अंगाला गाव, अब्बा भांड्यांना कल्हई लावायचे. शेवटची पाच-सहा वर्षं ते ओट्यावर बसून असायचे आणि त्यांचा अंगठा बोटावर फिरत असायचा, मणी ओढल्यासारखा. हातात तसबीह नसायची. येणारे-जाणारे म्हणायचे, बघा, हातात माळ नाही तरी अल्लाचं नाव थांबत नाही. लोक पोरांना त्यांच्या पाया पडायला आणायचे. घास तोंडापर्यंत न्यायला त्यांना किती वेळ लागायचा, कपाचा चहा अंगावर कसा सांडायचा, चेहरा कसा दगडासारखा झाला होता, ते सगळं त्या एका पुण्याईखाली झाकून गेलं. कुणी डॉक्टरकडं नेलं नाही. बरकतनंही नेलं नाही, तोही गावाला गेला की लांबूनच बघायचा आणि त्याला अभिमान वाटायचा. आज डॉक्टरीण म्हणाली होती की हे बापाकडून येतंच असं नाही, फार थोड्यांना येतं. तसं असेलही. पण झाकायचं कसं ते मात्र बापाकडूनच आलं असणार. अब्बांचं लोकांनी झाकलं, आपलं आपण झाकलं, एवढाच काय तो फरक.

भोसरीला बस बदलली. कंपनीकडं जाणारी चाकणची गाडी भरून आलेली, पण एका पोरीनं त्याचा हात बघून जागा दिली. ते त्याला लागलं. खिडकीपाशी बसून तो उजवा हात डाव्याखाली दाबून धरत होता. बाहेर वडे तळत होते, बसमध्ये कुणाच्या तरी पिशवीत बोंबील होते, कारण बाया नाकाला पदर लावून हसत होत्या. बरकतला कशाचाच वास नव्हता. सहा वर्षं झाली असतील त्याला. आधी प्रेसच्या तेलाचा वास गेला. त्याला वाटलं, सवय झाली. मग नूरबीच्या खिचड्याचा गेला. ईदला तो चव घेऊन म्हणायचा, वा, आणि नूरबी म्हणायची, वा काय, मीठच घातलेलं नाही अजून. हसण्यावारी गेलं. या आजारात वास पुष्कळदा आधी जातो, असं डॉक्टरीण म्हणाली होती. तेव्हापासून ती दारं उघडी पडायला लागली असतील काय? त्याच्या डोळ्यापुढं तो काळा ठिपका येत होता, आणि त्याला तो प्रेस शॉपसारखाच दिसत होता, तेलानं काळा, बारक्या बारक्या माणसांनी भरलेला. कुणी न सांगता ठोके पाडत बसलेली माणसं. शिफ्ट सुटल्याचा भोंगा नाही, रविवार नाही, बदली गडी नाही. दर ठोक्याला दार उघडतंय, कचरा आत येतोय, तो बाहेर फेकायचा आणि परत ठोका. त्यांच्यातले निम्मे जागेवरच पडले आणि बाकीचे त्यांचं काम ओढत राहिले, म्हणून वर कुणाला पत्ता लागला नाही. त्याला त्या पेशींची दया आली. मग राग आला, की साल्यांनो, एकदा तरी बोंब मारायची होती.

मोशीला गाडी थांबली ती थांबलीच. पुढं कंटेनरची रांग, बाजूनं दुचाकीवाले फुटपाथवरून चाललेले, नव्या बिल्डिंगांच्या बाल्कन्यांत वाळत घातलेले कपडे हलत नव्हते की पडत नव्हते. साडेतीन. कंडक्टर म्हणाला, पुलाच्या तोंडाशी ट्रेलर बंद पडलाय. पावणेचारला बरकत उठून दारात गेला. दहा मिनिटांत आपण तीन बिल्डिंगा पुढं आलो, हे त्यानं मोजलं, आणि मग चारला पोचायचा हिशेब आपोआप मोडून पडला.

आता त्याला नुसता ज्योतीरामचा उजवा हात दिसायला लागला. औशाकडचा माणूस, काळा, बुटका, हाताचा पंजा मात्र फावड्याएवढा. दर खंडेनवमीला मशिनींची पूजा झाली की हा हलगी काढायचा आणि अख्खं प्रेस शॉप नाचवायचा. चार नंबरला झेंडूची माळ बांधायचं काम बरकतचं, उंच म्हणून. ज्योतीराम खालून ओरडायचा, पाटलाची पोरगी हाय ती, नीट बांध. त्या हातानं तो शिफ्ट चालू करताना एक करायचा. पहिला स्ट्रोक रिकामा मारायचा, पत्र्याशिवाय. डावा बटणावर टेकवून उजवा आधी प्रेसला लावायचा, मग कपाळाला, मग बटणावर. बरकत म्हणायचा, लोखंडाच्या काय पाया पडतो रे. आणि आज तोच स्ट्रोक वाचवू शकत होता, कारण त्या वेळी उजवा हात डायमध्ये नसतो, कपाळाला असतो. पण तीन आठवड्यांपूर्वी सुजितनं सगळ्यांना गोळा करून सांगितलं होतं, मशीनला आता काउंटर बसलाय, स्ट्रोक आणि पार्ट यांचा आकडा जुळला पाहिजे, रिकामे स्ट्रोक बंद, नाहीतर मेमो. ज्योतीराम मान खाली घालून ऐकत होता. त्यानं सोडला असेल काय? माणूस भित्रा नाही, पण दोन वर्षांपूर्वी एक मेमो खाल्लेला. बरकतला आठवेना. रोज आपण टाळी देऊन पाठ फिरवतो आणि पिशवी उचलतो. पहिला ठोका पाठीमागं पडतो. तो रिकामा होता की पत्र्यावरचा, आणि त्याच्यानंतर दुसरा किती वेळानं पडला, हे आपण तीन आठवड्यांत एकदाही कान देऊन ऐकलं नाही.

तीन पन्नासला त्यानं गेटला फोन लावला. गेटवर विमलबाई होती, सिक्युरिटीची.

"चार नंबर प्रेस बंद करायला सांगा. आत्ताच्या आत्ता."

"कोण बोलतंय?"

"बरकत. बरकत शेख. पॅनेलमध्ये माझी तार आहे. मी टाकलीय."

"कशाला, भाऊ?"

बसच्या दारात माणसं खेटून उभी होती. ती जागा देणारी पोरगीही तिथंच होती.

"माझा उजवा हात चालत नाही," बरकत म्हणाला.

बोलून झालं आणि त्याला वाटलं, बसमधला आवाज बंद झाला. झाला नसेलही. विमलबाई थांबा म्हणाली, मग तिचे बूट पळत गेल्याचा आवाज आला आणि फोन कट झाला. त्यानं परत लावला, कुणी उचलेना. तो बसमधून उतरला आणि चालायला लागला. उजवा पाय थोडा घासत होता, ते त्याला आजच जाणवलं. इंद्रायणीच्या पुलावर तो पोचतो न पोचतो तर मागून तीच बस आली, कंडक्टरनं दार वाजवलं आणि म्हणाला, या काका, उगं कशाला पळताय, तिकीट काढलंय ना. बरकत चढला. पुढं चिंबळी, कुरुळी काय, कुठलं गाव कुठं गेलं, त्यानं बघितलं नाही. गेटचा फोन नऊ वेळा लावला.

पाच वाजायला आले तेव्हा तो प्रेस शॉपच्या दारात उभा होता. गेटवर विमलबाईनं त्याला आत सोडलं आणि बघत राहिली. बाकीचे प्रेस चालू होते, जमीन हादरत होती. चार नंबर उभा. खाली रक्त नव्हतं. ते त्यानं आधी बघितलं, तोंडं नंतर. पॅनेलचं दार सताड उघडं होतं, सुजित आत वाकून टॉर्चनं बघत होता, आणि त्याच्या मागं ज्योतीराम उभा होता, दोन्ही हात ॲप्रनच्या मोठ्या खिशात घालून.

सुजित वैतागला होता. तासभर प्रेस बंद आहे, इलेक्ट्रिशियन दोनदा बघून गेला, आत तार नाही की काही नाही. त्यानं बरकतकडं नीट निरखून बघितलं. घामानं भिजलेला शर्ट बघितला, हात बघितला. मग आवाज खाली आणून म्हणाला, की काका, हॉस्पिटलमधून येताय, तुमची तब्येत बरी नाही, काहीतरी गोंधळ झाला असेल डोक्यात, मी तसं लिहितो, चालेल? पोरगा वाईट नव्हता. दार त्यानं उघडून दिलं होतं. नुसतं हो म्हणायचं आणि त्यातून निघून जायचं. बरकतनं ज्योतीरामकडं बघितलं. ज्योतीरामनं डोळ्यांनीच सांगितलं, हो म्हण. तार कुठं आहे ते बरकतला तेव्हा कळलं.

त्याला फार काही वाटलं नाही. दम लागलेला होता, तहान लागलेली होती. एवढंच वाटलं की हो म्हटलं तर उद्या सकाळी साडेसहाला आपण परत या प्रेससमोर उभे राहणार, आणि परत एक तार शोधणार.

"होती तार," तो म्हणाला. "मीच टाकली. अडीच महिने टाकतोय."

सुजित टॉर्च विझवून केबिनकडं गेला. जाताना एवढंच सांगितलं, की उद्या लिहून द्यावं लागेल, एचआरला बसावं लागेल, आणि तोवर गेटच्या आत येऊ नका. ज्योतीरामनं दातातल्या दातात शिवी हासडली. बरकतला दंडाला धरून तो वॉटर कूलरपाशी घेऊन गेला, तिथं ठोक्यांचा आवाज जरा कमी येतो. पिशवीतनं डबा काढला, डब्याच्या झाकणाखालून तार. हिरवी टेप तशीच होती. त्यानं ती बरकतच्या हातात कोंबली.

"येडा हायस का तू? वाचवलं हुतं की म्या तुला. रिकामा स्ट्रोक मारला. उजवा कपाळाला हुता आन् नुसत्या डाव्यावर प्रेस खाली आला. तसाच मागं सरलो. पॅनेल उघडलं, तार वळखली, काढून डब्यात ठिवली. उद्या तुला गाठून चार शिव्या घालणार हुतो, बास."

"किती वाजता?"

"अडीचला. शिफ्ट लागल्या लागल्या."

"डाय बदल होता ना आज?"

"कुठला? सुजितनं सोमवारवर टाकला. त्याच पार्टचे अजून पाचशे सांगितले." पाणी पिऊन त्यानं ग्लास बरकतपुढं केला. "हाताचं मला सांगितलं असतंस तर? बावीस वरसं काय उगं टाळ्या दिल्या?"

बरकतनं ग्लास डाव्या हातात धरला. इथं थांबता आलं असतं. हा माणूस रागवला होता तो मायेनं रागवला होता, आणि तेवढ्यावर सगळं निभावून गेलं असतं. पण ते दार परत उघडं राहिलं असतं, आणि दर ठोक्याला त्यातून आत येत राहिलं असतं, रात्री, दिवसा, गोळी खाताना.

"मला तीनला आठवलं," तो म्हणाला. "फोन केला तेव्हा चार वाजायला आले होते."

"म्हंजे?"

"तीनला आठवलं, ज्योतीराम. डॉक्टरच्या खोलीत. फोन हातात होता."

"काय बोलूलालास तू?" ज्योतीरामला अजून उमगत नव्हतं. मग उमगलं. ते त्याच्या तोंडावर हळूहळू येताना बरकतनं बघितलं. "मग तासभर काय करत हुतास?"

"बसमध्ये बसलो होतो. वाटलं, चारपर्यंत प्रेस पडत नाही. कुणाला न कळता येऊन काढावी."

कूलरचं पाणी थेंब थेंब गळत होतं. दोन नंबर, तीन नंबर, पाच नंबर आपापले ठोके पाडत होते. बरकतनं ग्लास ठेवला, तार खिशात घातली, आणि दोन्ही पंजे उघडून वर धरले, छातीएवढ्या उंचीवर, बावीस वर्षं धरत आला तसे. डावा स्थिर होता. उजवा हलत होता, अंगठा वाकून वाकून पहिल्या बोटावर फिरत होता, आणि त्यानं तो थांबवायला बघितलं नाही.

"दहा," तो म्हणाला.

ज्योतीरामनं त्या हाताकडं बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं. त्याचे स्वतःचे हात ॲप्रनच्या खिशात परत गेले होते, पार मनगटापर्यंत.

"माझी नको मोजू आज," तो म्हणाला. "घरी जा. गोळी घे."

तो वळला आणि मशिनींच्या मधून गेला. बरकत पंजे खाली न करता तिथंच उभा होता. सुजितनं चालू करायला सांगितलं असणार, कारण थोड्या वेळानं चार नंबरचा ठोका आला. पत्रा नसला की आवाज वेगळा येतो, पोकळ, तो बत्तीस वर्षं ऐकणाऱ्याला कळतो. हा पोकळ होता. पाठ फिरवून निघायचं सोडून बरकत आज कान देऊन थांबला, दुसरा कधी पडतो ते ऐकायला.